रीजन सुरू होताना येणारा ‘टक्’ आवाज

प्रश्न: ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या बाजूने एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुन्हा पाय दाबला की तो परत ऐकू येतो. कारण काय असावे?

पहिले उत्तर: रीजनमुळे (पाय काढताच मोटर जनरेटरसारखी चालून गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरीत वीज परत भरते, त्यामुळे) ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज चढतो. आधी ते तपासावे.

दुसरे उत्तर: गंजाची खरखर ब्रेक दाबल्यावर येते, त्यामुळे ते कारण पटत नाही. टॉर्कची, म्हणजे फिरवणाऱ्या जोराची, दिशा उलटतानाच आवाज येत असेल, तर मोटर माउंटचे (मोटरला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या आधाराचे) रबर फाटले असण्याची किंवा ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचे) स्प्लाइन, म्हणजे जोडणीचे खाचेदार दाते, झिजले असण्याची शक्यता अधिक आहे. रीजन सर्वांत कमी ठेवून पाहावे. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलना मात्र हात लावू नये.

प्रश्नकर्ता: रीजन कमी करताच आवाज मंदावला. माउंटचे रबर तडकलेलेच निघाले. ते बदलून बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कने आवळल्यावर आवाज थांबला.