मदत हवी आहे: हायबरनेट केलेला कॉम्प्युटर कोराच सुरू होतो (लिनक्स मिंट २१.३)

नमस्कार मंडळी. नागपूरला महालात घरीच डीटीपीचं काम करतो. मे महिना, लग्नपत्रिकांचा हंगाम, आणि संध्याकाळी वादळ आलं की लाईन जाते. परवा गेली ती रात्री अकराला आली.

डेस्कटॉप आहे, रॅम १६ जीबी. सस्पेंड उत्तम चालतं, दोन सेकंदांत परत येतं. पण सस्पेंडमध्ये रॅमला वीज लागतच राहते. तासाभराने यूपीएसने मान टाकली की इंकस्केपमधल्या उघड्या सहा-सात पत्रिका गेल्या. फायली सेव्ह असतात, पण कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती दुरुस्ती कुठवर आली होती ते परत जुळवण्यात सकाळ जाते. म्हणून हायबरनेट हवं आहे, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद व्हावं.

आपोआप बनलेली स्वॅपफाईल (रॅममधलं डिस्कवर ठेवायची फाईल) २ जीबीची होती. ती काढून २० जीबीची केली. टर्मिनलमध्ये 'सिस्टमसीटीएल हायबरनेट' दिलं की डिस्कचा दिवा लुकलुकतो आणि मशीन नीट बंद होतं. सुरू केलं की मात्र सगळं कोरं, एकही खिडकी उघडी नाही. एररही दिसत नाही. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशनच (डिस्कचा वेगळा भाग) करावं लागेल का? डिस्कवर पाच वर्षांचं काम आहे, पार्टिशनला हात लावायची भीती वाटते.

प्रतिसाद १

भाऊ, पार्टिशनला हात लावू नका, गरज नाही. रॅमची प्रत डिस्कवर लिहिली जाते आहे, पण बूट होताना ती कुठून वाचायची हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कोणी सांगितलेलंच नाही. सिक्युअर बूटही (फक्त सही असलेली सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद असणार, नाहीतर कर्नलने हायबरनेट होऊच दिलं नसतं.

'सुडो फाईलफ्रॅग -व्ही /स्वॅपफाईल' चालवा. पहिल्या ओळीत 'फिजिकल ऑफसेट'खाली दोन आकडे दिसतील, त्यातला पहिला घ्या; स्वॅपफाईल डिस्कवर कुठे सुरू होते ते तो सांगतो. मग '/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब' ही बूटच्या सेटिंगची फाईल उघडून 'क्वाएट स्प्लॅश' असलेल्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत, 'रिझ्यूम=यूयूआयडी=...' आणि 'रिझ्यूम_ऑफसेट=...' जोडा. यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) स्वॅपफाईल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा द्यायचा. इथेच बहुतेकांची गफलत होते. नंतर हे बदल लागू व्हायला 'अपडेट-ग्रब' आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', दोन्ही सुडोने. एकदा साधं रीस्टार्ट करा, मगच हायबरनेट करून बघा. पहिल्या वेळी सगळं सेव्ह केलेलं असू द्या.

पुढे कधी स्वॅपफाईल पुन्हा बनवली तर ऑफसेट बदलतो, तेव्हा आकडाही नवा घालावा लागेल.

धागाकर्ता

झालं! सातही पत्रिका जशाच्या तशा परत आल्या, कर्सरसुद्धा त्याच ओळीवर. मुद्दाम मेन स्विच बंद करून दोनदा पाहिलं. ऑफसेटचा आकडा वहीत लिहून ठेवला आहे. मनापासून आभार, भाऊ. आता लाईन गेल्यावर हे आपोआप व्हावं असं वाटतं. यूपीएसला यूएसबी पोर्ट आहे. त्यासाठी काय लावावं लागेल?