विटलेले रंग संग्रहालयाने पडद्यावर परत आणावेत का?

मूळ मत

फ्रेंच चित्रकार रेनवारने १८८३ साली रंगवलेल्या मादाम क्लापिसाँ यांच्या व्यक्तिचित्राची फ्रेम शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये काढली गेली, तेव्हा फ्रेमच्या आड राहिलेल्या अरुंद पट्टीत झगझगीत तांबडा रंग सापडला. उरलेली पार्श्वभूमी मात्र थंड, निळसर करडी दिसते, कारण कोशिनिल किड्यांपासून केलेला कार्माइन रंग प्रकाशाने विटून गेला आहे. संग्रहालयाने २०१४ च्या प्रदर्शनात मूळ चित्रासोबत त्याची तांबडी डिजिटल प्रतिकृतीही दाखवली. पुरावा भक्कम असेल तिथे प्रत्येक संग्रहालयाने असेच करावे, असे माझे ठाम मत आहे. या पिढीच्या चित्रकारांचा सारा भर एका रंगाशेजारी दुसरा कोणता येतो यावर होता. फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या आपल्या खोलीच्या चित्रात भिंती फिकट जांभळ्या रंगवल्याचे व्हॅन गॉगने १८८८ साली भावाला पत्रातून कळवले होते; पिवळ्या पलंगामागे जांभळी भिंत ही विरुद्ध रंगांची जाणीवपूर्वक केलेली जोडी होती. आज ती भिंत निळी दिसते आणि प्रेक्षक त्या निळ्यालाच चित्रकाराची निवड समजून घरी जातो.

प्रतिसाद १ (असहमत)

पुरावा कडेच्या पट्टीचा आहे आणि प्रतिकृती मात्र अख्ख्या चित्राची, ही उडी मला मान्य नाही. रेनवारचे फटकारे कुठे पातळ, कुठे दाट असतात, त्यामुळे रंग सगळीकडे सारखा विटला असेल असे धरून चालता येत नाही. शिवाय डिजिटल पडदा स्वतः उजळतो, तर कॅनव्हास दालनातला उजेड परावर्तित करतो. त्या झगमगाटानंतर मूळ चित्राकडे वळलेल्या डोळ्यांना ते मलूलच वाटणार. व्हॅन गॉगला तर हे रंग टिकणारे नाहीत याची पुरेपूर कल्पना होती, आणि काळ त्यांना सौम्य करणारच आहे, तेव्हा ते बेधडक भडक लावावेत, असे त्याने त्याच वर्षी लिहिले होते. मग त्याच्या चित्रातले विटणे निव्वळ अपघात कसे मानायचे?

प्रतिसाद २

रंग विटणार हे चित्रकाराला ठाऊकच होते, हा युक्तिवाद त्याच काळातला फ्रेंच चित्रकार सरा याला लागू पडत नाही. 'ग्रांद जात' या आपल्या चित्रातल्या उन्हातल्या गवतावर त्याने झिंक यलो या पिवळ्या रंगद्रव्याचे ठिपके दिले, ते मातकट तपकिरी झाले, आणि १८९१ मध्ये त्याचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी समीक्षक फेनेऑं यांनी या बिघाडाची नोंद केली. ज्याला ठिपक्याठिपक्यातून उजेड हवा होता, त्याच्या वाट्याला नेमका काळवंडलेला पिवळा आला. तरीही पडदा नको, हे मला पटते. त्याच रंगद्रव्यांनी कॅनव्हासच्या तुकड्यावर ताजा नमुना रंगवून शेजारी टांगावा. निदान तो खरा रंग तरी असेल.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

नमुना अवश्य टांगावा, पण हातभर तुकडा 'ग्रांद जात'सारख्या दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्रातल्या रंगांचा तोल दाखवू शकत नाही, आणि वाद तर त्या तोलाचाच आहे. डोळे दिपण्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून प्रतिकृती पुढच्या दालनात ठेवावी, म्हणजे मूळ चित्र आधी पाहिले जाईल. कोणता भाग रासायनिक तपासणीवर आधारलेला आहे आणि कोणता अंदाजाने भरला आहे, हे तिच्यावरच वेगळ्या खुणेने दाखवावे.

प्रतिसाद १

अशी खूण प्रतिकृतीवरच असेल, तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा पडद्याला आहे आणि तो कायम राहील.