मदत हवी आहे: दुकानाची २ टीबीची हार्डडिस्क उघडेना, १४ वर्षांचं काम आत अडकलंय

शहापूर_डीटीपी

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, सोसायट्यांचे ताळेबंद, आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर या बाजूला साहित्य संमेलनं सुरू झाली की स्मरणिकांचं काम. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत, बरेचदा एकाच पत्रिकेवर दोन्ही.

परवा संध्याकाळी जोराचा पाऊस होता. मी बाहेरच्या २ टीबीच्या हार्डडिस्कवर एक अहवाल कॉपी करत होतो, तेवढ्यात लाईट गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, बदलायची बदलायची म्हणून राहिली होती. आता डिस्क लावली की 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश येतो. मी 'नाही' दाबलंय. एका ओळखीच्या रिपेअरवाल्याने सांगितलं, चेकडिस्क चालव, दहा मिनिटांत उघडेल. करू का? आत २००९ ते २०२२ पर्यंतच्या सगळ्या फायली आहेत. पुढच्या आठवड्यात एका मंडळाला गेल्या दहा वर्षांचे अहवाल एकत्र छापून हवेत. आगाऊ पैसेही घेऊन बसलोय.

टिळकवाडी_आयटी

चेकडिस्क मारू नका ओ! आधी डिस्क काढून बाजूला ठेवा, मग बोलू. चेकडिस्क म्हणजे रचना नीट करण्याच्या नादात डिस्कवर लिहिणारी गोष्ट. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते लिहिणं म्हणजे आत जे शाबूत आहे त्यावरही पाणी सोडणं.

तीन गोष्टी सांगा. टकटक आवाज येतो का? डिस्क मॅनेजमेंटमध्ये साईज बरोबर दिसते का? आणि या फायलींची दुसरी प्रत कुठे आहे?

शहापूर_डीटीपी

आवाज नाही, नेहमीसारखी फिरते. साईज बरोबर दिसते, पण पुढे 'रॉ' लिहून येतं, म्हणजे विंडोजला आतली रचना ओळखता येत नाही. दुसरी प्रत नाही. हाच बॅकअप होता. पीसीच्या आतली डिस्क (एसएसडी) भरली म्हणून जुनं सगळं बॅकअपच्या डिस्कवर टाकलं आणि पीसीवरून काढलं.

निपाणीकर

मग तो बॅकअप कसला दादा? ती एकुलती एक प्रत झाली, फक्त डब्यावर 'बॅकअप' अशी चिठ्ठी. हसू नका कोणी, मीही हेच करत होतो. माझी मुलाच्या बारशाची व्हिडिओ कॅसेट कॉपी करून घेतली, कॅसेट टाकून दिली, आणि सहा महिन्यांत पेनड्राइव्ह गेला.

टिळकवाडी_आयटी

टकटक नाही आणि साईज बरोबर, म्हणजे आशा आहे. टकटक असती तर मी एकच सांगितलं असतं: वीज तोडा आणि लॅबमध्ये न्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा किंवा तांदळाच्या डब्यात पुरायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडा.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' (धड वाचता न येणाऱ्या जागा) आणि 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बदललेल्या जागा) या दोन ओळी बघा. पेंडिंगमध्ये शून्याशिवाय काही असलं तर पृष्ठभाग खराब होत चाललाय असं समजा. मग दुसरी २ टीबी किंवा मोठी डिस्क विकत आणा, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा नव्या डिस्कवर घ्या. हे आधी सोपा भाग पटापट वाचतं, अवघड जागा सोडत जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. शिवाय कुठवर आलंय याची नोंदवही ठेवतं, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठीच बनवलंय म्हणा ना.

एकच धोका: कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, हे नाव उलटं टाकलंत तर कोरी डिस्क जुन्यावर उतरेल. एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा. आणि नंतरचं सगळं काम त्या प्रतिमेवरच, मूळ डिस्क कपाटात.

खानापूर_स्टुडिओ

लिनक्स जमत नसेल तर जमणाऱ्याला बोलवा, पण डिस्क सोडून येऊ नका, शेजारी बसा. मी एकाकडे ठेवून आलो तर त्याने त्याच डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकलं आणि सापडलेल्या फायली परत तिच्यावरच सेव्ह केल्या. एका लग्नाचे निम्मे फोटो त्यात गेले. मुलीचे वडील आजही रस्त्यात भेटले की मी गल्ली बदलतो.

शहापूर_डीटीपी

अपडेट. पेंडिंग सेक्टर ३१२. नवी ४ टीबीची डिस्क आणली, भाच्याला बसवलं. प्रतिमा घ्यायला जवळजवळ अडीच दिवस लागले, मध्ये तीनदा लाईट गेली, तिन्ही वेळा पुढे चालू झालं. अगदी थोडा भाग वाचला गेला नाही.

मग टेस्टडिस्क या रिकव्हरी सॉफ्टवेअरने डिस्कचा जुना विभाग (पार्टिशन) सापडला आणि बहुतेक फोल्डर नावासकट दिसले. २०१३ आणि २०१४ मात्र गायब. ते फोटोरेक या दुसऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढले, पण त्याने नावं दिली ती सगळी एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडे. साडेआठशे फायली, कुठली कुणाची कळायला मार्ग नाही.

आणि खरी गंमत पुढे. २०११ चा अहवाल पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. फाईल खराब झाली का?

रविवारपेठ_प्रेस

फाईल ठणठणीत आहे, फॉण्ट नाहीत. जुन्या श्रीलिपीच्या फॉण्टात 'क' हा क म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं असतं. फॉण्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. नुडीच्या जुन्या फायलींचंही तेच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा असतो, म्हणून हा घोळ नाही, फॉण्ट बदलला तरी मजकूर मजकूरच राहतो.

तुम्ही विंडोज नवीन टाकलं असणार, तेव्हा फॉण्ट गेले. डोंगल, म्हणजे श्रीलिपी चालायला पीसीला लावायची ती किल्ली, आहे ना? इन्स्टॉलेशनची सीडी?

शहापूर_डीटीपी

डोंगल ड्रॉवरमध्ये आहे. सीडी पण सापडली, पण नव्या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही! माळ्यावरचा जुना पीसी काढतो.

टिळकवाडी_आयटी

हे ठळक लिहून ठेवा: डीटीपीवाल्याचा बॅकअप म्हणजे फायली, फॉण्ट, सॉफ्टवेअरची इन्स्टॉलेशन आणि लायसन्सचे आकडे. आणि छापायला गेलेलं प्रत्येक काम कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफमध्येही ठेवा. दुरुस्ती नाही करता येणार, पण वाचता आणि छापता तरी येईल.

शहापूर_डीटीपी

आता पुढचं विचारतो. परत असं होऊ नये म्हणून काय करू? मुलगी म्हणते सगळं गुगल ड्राइव्हवर टाक, विषय संपला. एकूण ६०० जीबी आहे.

टिळकवाडी_आयटी

फुकट १५ जीबी मिळतात, बाकीच्याचे पैसे. आणि हिशोब करा: अपलोड २० एमबीपीएस मिळालं तर ६०० जीबी चढवायला सलग ६७ तास. एकदा चढलं की रोजचं थोडंच, ते ठीक. पण सिंक, म्हणजे पीसी आणि ड्राइव्ह आपोआप सारखे ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फोल्डर उडवलात की तिकडचाही उडतो. काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो, पण तेवढ्यात तुमच्या लक्षात यायला हवं.

जुना नियम आहे ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक प्रत बाहेरगावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. तुमच्यासाठी मी असं करेन. काम पीसीवर. दोन बाहेरच्या डिस्क, 'अ' आणि 'ब'. एक आठवडा अ दुकानात, ब घरी. शनिवारी अदलाबदल. चालू वर्षाचं काम तेवढं क्लाउडवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा ज्यांची बॅकअपची डिस्क लावलेलीच होती त्यांच्या दोन्ही प्रतींना कुलूप लागू शकत होतं.

निपाणीकर

त्यात भर: कॉपीचं सॉफ्टवेअर 'मिरर' वर ठेवू नका. माझा मूळ फोल्डर रिकामा झाला, रात्री मिररने इमानदारीने डिस्कही रिकामी केली.

खानापूर_स्टुडिओ

दर महिन्याला एक-दोन जुन्या फायली बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडली तरच बॅकअप. आणि यूपीएसची बॅटरी आजच बदला हो.

शहापूर_डीटीपी

बॅटरी बदलली. जुना पीसी चालला, श्रीलिपी बसली, पान उघडलं आणि समोर 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' असं स्वच्छ आलं. खरं सांगतो, डोळे भरले. दहापैकी आठ अहवाल मिळाले.

आणि त्या साडेआठशे बिननावाच्या फायलींचं कोडंही सुटतंय. बाबा काउंटरवर ऑर्डरची वही ठेवायचे. तारीख, गिऱ्हाईकाचं गाव, कार्डाचा साईज, ॲडव्हान्स, सगळं पेनाने. २०१३ ची वही काढली आणि फायली एकेक उघडून जुळवतोय. पत्रिकेवरची लग्नाची तारीख आणि गाव वहीत मिळालं की नाव देतो. कालपर्यंत दोनशेच्या वर जुळल्या. मी त्यांना चेष्टेने म्हणायचो, बाबा, आता कॉम्प्युटर आहे की, वही कशाला.

रविवारपेठ_प्रेस

त्या वहीची दुसरी प्रत आहे का?

शहापूर_डीटीपी

...नाही. उद्या झेरॉक्स काढतो. मशीन दुकानातच आहे.