मासे, मांस आणि अंडी न घालता नायजेरियातील मोईन-मोईनचा लोफ घरी कसा करावा?

मृद्गंध यांचा प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतील स्वयंपाकाविषयी वाचताना नायजेरियातील मोईन-मोईन या पदार्थाने माझे लक्ष वेधून घेतले. चवळीची साले काढून ती लाल मिरची आणि कांद्याबरोबर वाटायची आणि पानांत बांधून वाफवायची, असा हा पदार्थ मुळात कडधान्याचाच आहे. तरीही बहुतेक कृतींमध्ये सुकवलेल्या लहान कोळंबीची पूड, मासा, उकडलेले अंडे किंवा डबाबंद बीफ यांपैकी काहीतरी येते, आणि पीठ सैल करण्यासाठीही मांसाचा स्टॉक वापरलेला असतो. आमच्या घरी यांपैकी काहीच चालत नाही. शिवाय मला तो पानांच्या लहान पुड्यांऐवजी पावाच्या साच्यात करून त्याचे काप वाढायचे आहेत.

अंड्याशिवाय तो नीट धरेल का, कोळंबीची पूड वगळल्यावर चवीला खोली कशाने आणावी, आणि एवढा जाड थर मध्यापर्यंत शिजेल का, हे जाणकारांनी सांगावे. साले काढण्याचा खटाटोप टाळता येतो का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

ओंजळ यांचे उत्तर

मोईन-मोईन अंड्यामुळे धरत नाही, ही गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण तुमच्या बाकीच्या शंका तिच्याशीच जोडलेल्या आहेत. चवळीत भरपूर स्टार्च आणि जवळजवळ चतुर्थांश प्रथिने असतात. वाफेच्या उष्णतेने स्टार्च पाणी शोषून फुगतो, प्रथिने घट्ट होतात आणि ओतता येणारे पीठ कापता येईल असे होते. नैऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांचा एकुरू हा पदार्थ पाहा. त्यात नुसती सोललेली, वाटलेली चवळी फेटून वाफवतात, मिरचीसुद्धा घालत नाहीत आणि तो परतलेल्या तिखट मिरचीच्या सॉसबरोबर खातात. तिथे अंड्याची गरज भासत नाही, मग इथेही भासायचे कारण नाही. मोईन-मोईनमध्ये अंडे घालतात ते बहुधा उकडून, तुकडे करून, म्हणजे बांधणीसाठी नव्हे तर चवीसाठी. लोफ फसण्याची खरी कारणे दोनच आहेत, भरड वाटण आणि पाण्याचे चुकलेले प्रमाण, त्यामुळे सारे लक्ष तिथे द्यावे.

काळ्या डोळ्याची पांढरी चवळी चालेल. नायजेरियात ओलोयिन नावाची किंचित गोडसर तपकिरी चवळीही पसंत करतात. साले मात्र काढाच. सालांसह केलेला लोफ गडद आणि खरखरीत होतो, आणि काप करताना त्याच्या कडा तुटतात. चवळी दहा-पंधरा मिनिटेच भिजवावी, म्हणजे साल सुटते पण दाणा अजून टणक असतो. मग ती भरपूर पाण्यात दोन्ही तळहातांमध्ये चोळावी किंवा मिक्सरमध्ये पाण्यासह अगदी क्षणभर फिरवावी. साले हलकी असल्याने वर तरंगतात आणि पाण्याबरोबर ओतून देता येतात. पाणी बदलत हे काही वेळा करावे लागते. एखाद-दुसरे साल राहिले तर बिघडत नाही. त्यानंतर सोललेली चवळी तीन-चार तास भिजवावी, कारण अर्धवट भिजलेला दाणा कितीही वाटला तरी रवाळ राहतो.

सव्वा ते दीड लिटरच्या साच्यासाठी २५० ग्रॅम कोरडी चवळी, एक मोठी लाल ढोबळी मिरची, एक मध्यम कांदा, सोसेल तेवढी तिखट मिरची, ८० मिली तेल आणि साधारण ३०० मिली पाणी किंवा भाज्यांचा कोमट स्टॉक, हे प्रमाण धरावे. यातले थोडे पाणी शेवटपर्यंत राखून ठेवावे, कारण ढोबळी मिरची किती पाणी सोडेल हे तिच्यावर असते. पीठ बोटांत चोळल्यावर कण लागू नये इतके वाटावे. नंतर त्यात तेल आणि मीठ घालून चांगले फेटावे. पीठ पळीवरून अखंड धारेने पडावे आणि पळीच्या पाठीवर त्याचा पातळ थर राहावा. घट्ट पिठाचा लोफ कोरडा आणि जड होतो, फार सैल पिठाचा मध्यभाग तासाभरानंतरही थुलथुलीत राहतो. चवळी मीठ दाबून टाकते, म्हणून चमचाभर पीठ एखाद्या लहान वाटीत वाफवून आधी चाखावे, म्हणजे बांधणी आणि मीठ दोन्हींचा अंदाज येतो. कच्चे पीठ चाखू नये.

जाड थराबद्दलची तुमची शंका योग्य आहे. लहान पुड्या पाऊण ते एक तासात होतात, पण लोफला सव्वा ते दीड तास द्यावा. साचा आतून तेलाने माखावा, पीठ पाऊण उंचीपर्यंतच भरावे आणि वरून फॉइलने घट्ट झाकावे, नाहीतर झाकणावरून ठिबकणारे पाणी पृष्ठभाग चिकट करते. भांड्यातले पाणी आधीच उकळत असले पाहिजे, आणि पीठ ओतण्यापूर्वी पुन्हा ढवळले पाहिजे. वाटलेली चवळी स्थिर राहिली की जड भाग तळाशी बसतो, आणि मग लोफ खाली दगडासारखा व वर ओलसर होतो. मधे पाणी घालायचे झाले तर गरमच घालावे. सुरी मध्यभागी घालून स्वच्छ बाहेर आली म्हणजे तो शिजला, पण लगेच कापू नये. निवताना तो आणखी आवळतो, त्यामुळे किमान अर्धा तास थांबावे.

रानजाई यांचे उत्तर

ओंजळ यांनी सांगितलेले सर्व मान्य आहे. चवीच्या प्रश्नावर थोडी भर घालते, कारण नायजेरियातील इबादान शहरात काही वर्षे राहिल्यामुळे तिथल्या घरांतला मोईन-मोईन मी पुष्कळ खाल्ला आहे.

कोळंबीच्या पुडीची जागा घेण्यासाठी बाहेर कुठे शोधण्याची गरज नाही, ती जागा भरणारा पदार्थ त्याच स्वयंपाकघरात आहे. त्याला योरुबा भाषेत इरू आणि उत्तरेकडे दावादावा म्हणतात. पार्किया जातीच्या झाडाच्या बिया उकडून, सोलून, आंबवून तो तयार होतो. वास उग्र असतो, त्यामुळे पहिल्यांदा हाताळणारी माणसे घाबरून अगदी चिमूटभर घालतात, पण वाफवल्यावर तो उग्रपणा मावळतो आणि मागे दाट, खमंग चव उरते. वर दिलेल्या प्रमाणासाठी दोन लहान चमचे इरू धुऊन, कुस्करून कांद्याबरोबर वाटावा. तो मिळत नसेल तर नायजेरियात सोयाबीन आंबवूनही दावादावा करतात, तो घ्यावा. पाण्याऐवजी स्टॉक वापरायचा असेल तर कांदा, सुके मशरूम आणि थोडे आले उकळून केलेला चांगला.

पानांबद्दल मात्र मी आग्रह धरीन. तिथे थॉमॅटोकॉकस डॅनिएली या वनस्पतीची रुंद पाने वापरतात (याच वनस्पतीच्या फळात साखरेपेक्षा हजारो पटींनी गोड असे थॉमॅटिन नावाचे प्रथिन असते, पानांत मात्र तो गोडवा नसतो). या पानांचा हिरवट गंध पदार्थात उतरतो आणि धातूच्या साच्यात केलेल्या लोफला तो येत नाही. साच्याला माझा विरोध नाही, नायजेरियातही दुधाच्या रिकाम्या डब्यांत मोईन-मोईन वाफवतात. तरी साच्याच्या आत आणि वरून केळीचे पान अंथरले, ते विस्तवावर किंचित शेकून लवचिक करून घेतले, तर त्या गंधाच्या बरेच जवळ जाता येते आणि लोफही अखंड सुटतो.

मृद्गंध

दोघींचेही मनापासून आभार. इरू मिळवण्याचा प्रयत्न करते. आणखी एक विचारायचे आहे. माझ्याकडे मोठा साचा मावेल असे वाफवण्याचे भांडे नाही, तर ओव्हन चालेल का? आणि जो मुळातच मांस-माशांशिवाय केला जातो असा एखादा जवळचा पदार्थ आहे का?

ओंजळ

ओव्हन चालतो, पण कोरड्या उष्णतेत नाही. झाकलेला साचा खोल ट्रेमध्ये ठेवून, साच्याच्या निम्म्या उंचीपर्यंत उकळते पाणी ओतून १८० अंश सेल्सियसवर साधारण सव्वा तास ठेवावा. फॉइल सैल राहिले तर वर कडक पापुद्रा येतो, आणि तो मोईन-मोईनमध्ये मला तरी नकोसा वाटतो.

तिफण यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ओक्पा. हा आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांचा पदार्थ आहे. एनुगू आणि न्सुक्का हा त्याचा मुलूख, आणि एनुगूजवळच्या नाइन्थ माइल या नाक्यावर थांबणाऱ्या गाड्यांपाशी विक्रेते तो गरमागरम विकतात. तो चवळीचा नसून बंबारा भुईमुगाच्या पिठाचा असतो. बंबारा भुईमुगाच्या शेंगा जमिनीखाली लागतात, पण दाण्यात तेल कमी आणि स्टार्च जास्त असतो, त्यामुळे त्याचे पीठ उत्तम धरते. पीठ, लाल पामतेल, मीठ, तिखट मिरची आणि पाणी एवढ्यावर मूळ ओक्पा होतो, म्हणून त्यातून काही वगळावे लागत नाही. तयार पीठ घेतले तर भिजवणे आणि सोलणेही वाचते.

क्रम मात्र पाळावा. आधी कोरड्या पिठात पामतेल चोळून ते एकसारखे पिवळे करावे, मग कोमट पाणी थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात. पीठ मोईन-मोईनपेक्षा बरेच पातळ ठेवतात, आणि नवख्या माणसाला ते हमखास जास्त पातळ झाले असे वाटते, पण तासभर वाफवल्यावर ते घट्ट होते. पातळ असल्यामुळे तळाशीही लवकर बसते, तेव्हा शेवटच्या क्षणापर्यंत ढवळत राहून एकदम ओतावे. पामतेलाऐवजी दुसरे तेल वापरू नये, ओक्पाचा रंग आणि निम्मी चव त्यातूनच येते.

मोईन-मोईन आणि ओक्पा दोन्ही उरले तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. मोईन-मोईनचे काप वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्येही ठेवता येतात, आणि खायच्या वेळी पुन्हा वाफवले तर ते कोरडे पडत नाहीत. सकाळी आंबवलेल्या मक्याच्या ओगी या पेजेबरोबर हे काप वाढावेत, तिथे तीच जोडी प्रचलित आहे.