मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या कॅसेटवरचा बेसिक प्रोग्रॅम वाचवायचाय

घरी झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस (48 के) हा कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड करणारा 1980च्या दशकातला होम कॉम्प्युटर आहे. बाबांनी स्वतः बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला सापशिडीचा गेम एकाच कॅसेटवर आहे, त्यामुळे नेटवर शोधून उपयोग नाही.

लोड केल्यावर स्क्रीनच्या बॉर्डरला लाल-आकाशी पट्टे येतात, प्रोग्रॅमचं नावही उमटतं. मग निळे-पिवळे पट्टे बराच वेळ धावतात आणि शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’. मशीन ठणठणीत आहे. फोनवरून ऑडिओ देऊन ‘मॅनिक मायनर’ हा गेम पहिल्या फटक्यात लोड झाला. रेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, अझिमथचा (हेडच्या कोनाचा) स्क्रू फिरवून आवाज खणखणीत केला, दुसरा रेकॉर्डरही लावून पाहिला. फरक शून्य. लॅपटॉपवर 44.1 किलोहर्ट्झची मोनो वेव्ह फाइल केली आहे. तिच्यात एका जागी आवाज क्षणभर बसतो. टेप जुनी आहे, आता पुन्हा पुन्हा वाजवायची नाही.

एक बिट जरी चुकला तरी चेकसम (डेटा बरोबर आला का ते तपासणारा आकडा) जुळत नाही, हे माहीत आहे. दोन-चार ओळी बिघडलेल्या चालतील, त्या मी हाताने दुरुस्त करेन. तर चेकसमकडे दुर्लक्ष करून वेव्हची टॅप फाइल (.tap, म्हणजे स्पेक्ट्रमच्या टेपवरच्या डेटाची डिजिटल प्रत) बनवणारं, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर कोणी वापरलंय का? आणि आवाज बसतो तिथे आधी ऑडिओ एडिटरमध्ये पातळी वाढवावी, की मूळ फाइलच द्यावी?