अ‍ॅडलिंग्टनचं ब्राँझ

लंडन २०१२ ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश जलतरणपटू रेबेका अ‍ॅडलिंग्टनला 'नुसती दोन ब्राँझ' मिळाली, असं कुणीतरी लिहिलंय. ते 'नुसती' मला खटकलं.

इंग्लंडमधल्या मॅन्सफिल्डसारख्या लहान गावातली ही मुलगी. २००८ ला बीजिंगमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलला शेवटच्या लॅपमध्ये अमेरिकेची केटी हॉफ पुढे होती. अगदी शेवटच्या हातांत रेबेकाने तिला गाठलं आणि ०.०७ सेकंदाने सोनं नेलं. भिंतीला बोटं टेकायचा काय तो फरक! १९६० नंतर ब्रिटिश महिलेला जलतरणात मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. मग ८०० मीटरला ८ मिनिटं १४.१० सेकंद. अमेरिकेच्या जॅनेट इव्हान्सचा विश्वविक्रम मोडला, तोही १९८९ चा. तो झाला तेव्हा रेबेका सहा महिन्यांची होती! दुसरी आलेली इटलीची फिलिप्पी सहा सेकंद मागे.

लंडनला ८०० मध्ये समोर कोण, तर अमेरिकेची पंधरा वर्षांची केटी लेडेकी, जिने ते सोनं नेलं. घरच्या प्रेक्षकांचं एवढं दडपण घेऊन दोन्ही शर्यतींत पदक काढणं मला तरी फार मोठं वाटतं. पुढच्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, ती निवृत्त झाली. मॅन्सफिल्डच्या तलावाला आज तिचंच नाव आहे.