रस्ता आठ महिन्यांत परत खोदला, नक्की कुठले कागद मागायचे?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, आधीच माफी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की गाडी पक्षांवर जाते आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता, असेल साडेतीनशे-चारशे मीटर, मागच्या वर्षी पावसाळ्याआधी काँक्रीटचा केला. दीड महिना गाड्या लांब लावल्या, म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले, पण म्हटलं एकदाचं होतंय तर होऊ दे. आता आठ महिने झाले नाहीत तोवर एका बाजूनं ब्रेकर लावून सरळ खोदून ठेवलाय. पाइप आहे का केबल तेही कुणी धड सांगत नाही, फलक नाही, बॅरिकेड नाही, रात्री एक लाल रिबीन फडफडते तेवढीच. परवा समोरच्या बिल्डिंगमधले काका स्कूटरसकट आत गेले, नशीब पाय मुरगळण्यावर भागलं.

अ‍ॅपवर तक्रार टाकली तर तीन दिवसांत ‘निकाली’. सोबत फोटो, आणि त्या फोटोत चक्क नारळाची झाडं. आमच्या रस्त्यावर नारळाचं झाडच नाही हो! प्रभागात चार नगरसेवक, निवडून आल्या आल्या चौघांचे फ्लेक्स लागले, आता विचारलं तर एक म्हणतात हा पट्टा माझ्याकडे नाही, दुसऱ्या ताई म्हणतात काम प्रशासकाच्या काळातलं, आमचा संबंध नाही. त्यांचंही खोटं नाही म्हणा, 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सभागृहच नव्हतं, विचारणार कोण आणि कुणाला.

मग माहिती अधिकार टाकला. विचारलं की नवा रस्ता का खोदला, जबाबदार कोण, काय कारवाई केली. उत्तर दोन ओळींचं, मागणी माहितीच्या व्याख्येत बसत नाही. वर तोंडी सांगितलं की आता नवीन कायदा आलाय, ठेकेदाराचं नाव वैयक्तिक माहितीत जातं. खरंय का हे? आणि मागायचं तरी नक्की काय असतं?

चहा_बिस्किट:
काही होत नाही भाऊ. पहिलं अपील, दुसरं अपील, तोवर रस्ता अजून दोनदा खोदून होईल. अनुभवाचे बोल. काकांना बरं वाटो.

मोजमाप_वही:
मी एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून रिटायर झालो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. तुमचा अर्जच चुकला. ‘का’ विचारलं की आम्ही लोक खूश व्हायचो, कारण ‘का’ला उत्तर द्यायचं बंधन नाही. 2008 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं स्पष्टच सांगितलंय की कारणं म्हणजे माहिती नव्हे, जे रेकॉर्डवर आहे ती माहिती. म्हणून का विचारू नका, कागदाचं नाव घेऊन कागद मागा.

तुमच्या रस्त्याच्या दोन फायली आहेत हे आधी डोक्यात घ्या. एक पथ विभागाची, रस्ता केला त्याची, त्यात इस्टिमेट, वर्क ऑर्डर, बिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एमबी, मोजमाप वही. लांबी किती, रुंदी किती, जाडी किती हे त्यात साइटवर मोजून लिहायचं असतं आणि त्यावरच बिल निघतं. बाकी कागद गोड बोलतात, एमबीत आकडा असतो. दुसरी फाइल खोदाई परवानगीची. ज्यानं खोदलं त्यानं किती मीटरची परवानगी घेतली, रस्ता पूर्ववत करायचे किती पैसे भरले, चलन कुठलं. लोक पहिली फाइल मागतात आणि दुसरी विसरतात, आणि खरी गंमत दुसरीत असते.

कारण असं बघा, ठेकेदारावर दोषदायित्व असतं, म्हणजे ठरावीक वर्षं रस्ता बिघडला तर स्वखर्चानं दुरुस्त करायचा. किती वर्षं ते टेंडरात लिहिलेलं असतं, मुंबईत काँक्रीटच्या रस्त्यांना दहा वर्षं ठेवलीयत. पण मधे दुसऱ्या कुणी खोदलं की ठेकेदार हात वर करतो, साहेब आता हा माझा रस्ता राहिला नाही, यांनी तोडला. आणि खोदणारा म्हणतो मी पैसे भरलेत, बुजवणं तुमचं काम. झालं, दोघं सुटले, मधे तुमचे काका. त्यामुळे खोदाईला परवानगी देताना पथ विभागाचं मत घेतलं होतं का, ते पत्र मागा. पत्र असेल तर त्यावर सही कुणाची ते दिसेल. नसेल तर ‘असे पत्र अभिलेखात उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या, ते पत्रापेक्षा जास्त कामाचं.

आणि एक, हे आजच करा. रस्ता खोदलाय ना? मग खड्ड्यात उतरून (दिवसा, आणि सोबत कुणीतरी घेऊन) कडेला टेप लावा. काँक्रीट किती जाड ते एरवी कोअर, म्हणजे रस्त्याचा आरपार गोल तुकडा, काढल्याशिवाय कळत नाही, मशीन आणावं लागतं, लॅबला पाठवावं लागतं. तुम्हाला तर त्यांनीच फुकटात रस्ता कापून दाखवलाय! वरचा पक्का थर किती, खालचा सुक्या काँक्रीटचा किती, टेपसकट फोटो काढा, तारीख येऊ द्या. बुजवला की गेलं.

पेठेतली:
वहीकाका, शेवटचा मुद्दा कसला भारी आहे, माझ्या डोक्यात आलाच नसता.

तिसरा_मजलावाले दादा, अर्ज टाकून तीस दिवस बसायच्या आधी सोमवारी दुपारी जाऊन बघा की. शासनाचा 26 नोव्हेंबर 2018 चा जीआर आहे, जिल्हा पातळीवरची आणि खालची ऑफिसं, महापालिका धरून, सोमवारी 3 ते 5 लोकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. मी पुण्यात दोनदा गेलेय, जीआरची प्रिंट घेऊन जा, नाहीतर टेबलावरचा माणूस ‘असं काही नसतं’ म्हणतो आणि आपण परत फिरतो. काय बघायचंय ते आधी लेखी देऊन आवक शिक्का मारून घ्या. एकटे जाऊ नका, दोघं जा, एक वाचेल एक लिहून घेईल. हे धाडसाबिडसाचं नाही, तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी, त्यांचा 2010 मध्ये खून झाला ते आपल्याला माहितीये, त्यामुळे सोसायटीच्या लेटरहेडवर दहा सह्या असल्या की एक माणूस डोळ्यावर येत नाही.

कायद्याचा_किडा:
ठेकेदाराचं नाव वैयक्तिक, हे ऐकून हसावं की रडावं. मूळ धागा खरा आहे, डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललंय आणि नोव्हेंबर 2025 पासून ते लागू झालंय. आधी त्यात होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणावर घाला घालणारी माहिती देऊ नका, आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं. त्यामुळे कुठल्याही कागदावर कुणाचं नाव दिसलं की हे कलम फेकायची सोय झालीये, आणि पुढं हे फार वापरलं जाणार असं माझं मत. पण पालिकेच्या पैशातून दिलेलं कंत्राट म्हणजे कुणाचा आजारपणाचा दाखला नव्हे. आणि कलम 8(2) जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीसुद्धा देता येते. अपिलात हे दोन्ही लिहा.

बाकी तांत्रिक, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, त्यामुळे रस्त्याचा एक अर्ज, खोदाईचा वेगळा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ‘आमच्या विभागाचं नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, 6(3) खाली पाच दिवसांत योग्य विभागाकडे त्यांनीच पाठवायचं. आणि लोकांना माहीतच नसतं, कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं पण बसतं. म्हणजे नुसता कागद नाही, काँक्रीटचा तुकडासुद्धा मागता येतो.

चहा_बिस्किट:
तुकडा मागायचा म्हणजे पाटीत घालून देतात का 😄

कायद्याचा_किडा:
सील करून, सही करून देतात साहेब. द्यायला हवा. देतात असं म्हणालो नाही मी.

सावरकर_नगर_कट्टा:
काकांचं बिल, एक्सरे सगळं जपून ठेवा. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानं खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मेला तर सहा लाख, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख असा आदेश दिलाय, आणि ते पैसे जबाबदार अधिकारी नाहीतर ठेकेदाराकडून वसूल करायचे. मुरगळलेल्या पायाला काय मिळेल कुणास ठाऊक, पण अर्ज तर करा.

वॉर्डसभा_कधी:
सगळं मान्य, पण आपण दर वेळी खोदून झाल्यावर कागद शोधतो. 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्र सभा घातलीये, मतदारांनी बसून आपल्या भागातली कामं ठरवायची. तुमच्यापैकी कुणाला एकदा तरी आमंत्रण आलंय का? मला नाही. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक आहे, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, मी सुचवतो दरवर्षी, बाकडी मंजूर होतात. रस्ता, ड्रेनेज, पाणी कुठल्या क्रमानं करायचं हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून आधी काँक्रीट आणि मग पाइप.

मोजमाप_वही:
वॉर्डसभा, क्रम सगळ्यांना माहीत असतो हो. पण रस्त्याचा निधी मार्चआधी संपवायचा असतो आणि पाइपलाइनचं टेंडर अजून मंजूर नसतं. थांबलो तर निधी लॅप्स, म्हणून आधी काँक्रीट. मी स्वतः अशा दोन फायलींवर सही केलीये, खोटं कशाला बोलू.

तिसरा_मजला:
अपडेट देतो. सोमवारी मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी गेलो, जीआर दाखवल्यावर अर्धा तास इकडेतिकडे झालं पण फाइल आली. चहापण आला, हे सांगायलाच पाहिजे, माणसं काही वाईट नव्हती. एमबीत वरच्या थराची जाडी 200 मिलिमीटर लिहिलीये. आम्ही शनिवारी खड्ड्यात पाच ठिकाणी टेप लावला होता, तीन ठिकाणी 200 च्या आसपास, दोन ठिकाणी 160-165. खोदाईची परवानगी 60 मीटरची आहे, आम्ही पावलांनी नाही, टेपनं मोजलं, 110 भरलं. पथ विभागाचं पत्र फाइलमध्ये नव्हतं. तसं लेखी द्या म्हटलं तर म्हणाले अर्ज टाका, तो तिथंच बसून लिहिला आणि शिक्का घेतला.

मोजमाप_वही:
छान काम. पण 160 वर लगेच बोंब मारू नका. ब्रेकरनं तोडलेली कड तिरकी असते, टेप खोटं बोलतो, आणि कडेला थर थोडा उतरलेलापण असतो. ठेकेदार पहिलं हेच म्हणेल. संयुक्त पाहणी आणि कोअर टेस्ट मागा, जागा तुम्ही दाखवायच्या. 110 मीटरचं मात्र लगेच लिहून द्या, पन्नास मीटरचे पैसे कुणी भरले याला काहीच उत्तर नसणार.

पेठेतली:
आणि बुजवायच्या आत पाहणी व्हायला हवी ना? किती दिवस आहेत हातात?

तिसरा_मजला:
तीच भीती आहे. आत्ताच कळलं, उद्या सकाळी मुरूम घेऊन डंपर येतोय, इतके दिवस कुणी फिरकलं नाही आणि आता एकदम घाई. पाहणीची मागणी आयुक्त ऑफिसला मेल केलीये, सकाळी नऊला हातोहात पण देतो. वॉचमनला सांगून ठेवलंय, डंपर दिसला की बेल वाजव, कितीपण वाजले असूदेत.

सावरकर_नगर_कट्टा:
सकाळी इथं टाका काय झालं ते. मी जागाच आहे.